हातभर जास्त पत्रा

खांदा कॉलनीजवळच्या एका फिटरने मला फसवलं. ट्रकच्या केबिनवर बाकदार पत्रा बसवला की वारा वरून निघून जातो आणि डिझेल वाचतं, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

माणूस शांत. बोलताना समोरच्याकडे नाही, गाडीकडे बघायचा. केबिनमागच्या कंटेनरच्या वरच्या कडेच्या रेषेत हात धरून म्हणाला, "एवढा पुरे हाय, शेठ."

मी शून्यातून धंदा उभा केलाय. पहिल्या शब्दाला मी हो म्हणत नाही. घासाघीस करून त्याच पैशांत हातभर जास्त पत्रा मिळवला. त्याने एकदा पत्र्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, कान खाजवला आणि वेल्डिंगला बसला.

आता तो पत्रा कंटेनरच्या वर डोकं काढून वारा अडवतो. न्हावा शेव्याच्या प्रत्येक फेरीला पूर्वीपेक्षा जास्त डिझेल जातं. भाडं मात्र तेवढंच आहे. असंच चाललं तर ट्रक विकावा लागेल.

मी भांडायला गेलो. तो गाडीकडे बघतच म्हणाला, "वरचा तुकडा फुकटच दिलेला, शेठ. कापून परत घेतो. कापायचं पैसं नको."

"माझा पत्रा तू नेणार?" मी ओरडलो आणि गाडी तशीच परत आणली.

पण जास्तीचा पत्रा नडणार, हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मग मी मागत असताना तो 'नाय' का म्हणाला नाही? याचा जबाब त्याने मला दिलाच पाहिजे.