माईकमामांचा मेंदू

भरल्या यात्रेत माईकमामा एकदा तुमच्याकडे बघायचे आणि तुमचं नाव, गाव, वडलांचं नाव, एवढंच काय, तुमच्या दावणीच्या बैलांची नावंसुद्धा स्पीकरवरून सांगून मोकळे व्हायचे. शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायची चढाची धावपट्टी, कुठलाही असो, माईक त्यांच्याच हातात. "आली, आली, आली! अरं, बैल न्हाईत हे, वारा सुटलाय वारा!" असं ते गरजले की लोक टोप्या उडवायचे आणि म्हातारी माणसंही काठी टेकून उभी राहायची. रांजणगावच्या एका कारखान्यात ते फिटर होते, पण ती ओळख कारखान्याच्या गेटापुरती. लग्नातलं पाहुण्यांचं स्वागत, जयंतीची मिरवणूक, यात्रेतला घाट, सगळीकडे ते माईकमामा. माझे मात्र ते सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या त्यांच्या गावात माझ्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या.

कागद त्यांनी कधी हातात धरला नाही. "कागदावरनं नाव वाचलं की माणूस परका वाटतो. तोंडपाठ घेतलं की घरचा वाटतो," असं म्हणायचे. लग्नमांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्या एखाद्या दूरच्या चुलत्याचं नाव ते अचानक पुकारायचे आणि तो बिचारा गडबडून उठायचा, शर्ट नीट करायचा. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघायला मामांना फार आवडे.

पण आमच्या घरात नावं हरवायची एक रीतच होती. आजोबा शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांना "तुम्ही कुठले?" विचारायचे. केडगावला दिलेली थोरली मावशी साठीनंतर रोज एक ताट जास्त वाढायला लागली. मावसोबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. लोक म्हातारचळ म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो.

मग एका यात्रेत ते घडलं. बारी सुटली होती, म्हणजे एक गाडा घाटात धावत होता आणि तो होता मामांच्या जिवाभावाच्या मित्राचा. मामांनी श्वास घेतला आणि मित्राचं नाव आलंच नाही. स्पीकर नुसता खरखरला. "आपल्या समद्यांच्या काळजातला गाडा!" असं ओरडून त्यांनी वेळ मारून नेली, टाळ्याही पडल्या. मी तिथंच उभी होते. बारी संपल्यावर त्यांनी माईक खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मला दौंडला त्यांचा फोन आला. "सुजे, तू शाळेत विज्ञान शिकवतीस न्हवं? मग सांग, विसरणं रक्तातनं येतं का?"

नववीच्या पुस्तकापुरतं उत्तर माझ्याजवळ होतं, त्यापलीकडचं नव्हतं. मी चौकशी सुरू केली. पुण्यात एक डॉक्टर मॅडम अशाच घराण्यांचा अभ्यास करतात असं कळलं. रक्त तपासून विसरण्याची जोखीम वाढवणारं जनुक आहे का ते त्या बघत आणि माणूस काही आठवत असताना त्याचा मेंदू कसा काम करतो याची चित्रं काढत. मामांना हे कसं सांगावं, याचा मी दोन दिवस विचार केला. त्यांनी क्षणाचाही केला नाही. "कवा जायचं?"

मामी आडवी आली. पौर्णिमाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरत होतं. "घराण्यात येड हाय म्हणून पोरीची सोयरीक मोडंल. गप ऱ्हावा तुम्ही."

मामा घरात बसले नाहीत. थेट पाबळला नवऱ्या मुलाच्या घरी गेले आणि आजोबांपासून सगळं सांगितलं. मी बरोबर होते. मुलाच्या वडलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मामा, आमच्यात आजोबापासनं शुगर हाय. तुम्ही सांगितलं, आम्हीबी सांगितलं. आता जेवायला बसा." घरी आल्यावर हे ऐकून मामी आधी रडली, मग हसली आणि पुण्याला जायच्या दिवशी तिनंच भाकरी बांधून दिल्या.

मामा निघाले ते वरातीला निघाल्यासारखे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात अंगठी. मेंदूची चित्रं काढणाऱ्या एमआरआय यंत्रात जाण्याआधी अंगठी, पट्टा, घड्याळ, सगळं काढून घेतलं, तेव्हा म्हणाले, "मॅडम, नवरदेवाचा पार गडी केला की!" आत गेले. बाहेर मी आणि आई नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुललेला, की जणू घाटात पहिला नंबर आला. "सुजे, आवाज काय गं त्याचा! आपला डीजे झक मारतो. आन् आत काय दावलं, म्हाईत हाय? माणसं! अनोळखी चेहरे आन् त्यांची नावं. मग नुसते चेहरे, नाव आपण वळखायचं. अगं, हे तर माझंच काम! एक मिशीवाला तेवढा चुकला असंल." जीपमध्ये पूर्ण वाटभर ते त्या अनोळखी माणसांची नावं आम्हाला सांगत होते.

रक्त मामांबरोबर आईनंही दिलं होतं. काही आठवड्यांनी मॅडमनी आम्हाला बोलावलं. जनुकाचा निकाल कळावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आईनं "मला नको" म्हटलं आणि तिला कुणी आग्रह केला नाही. मामांना हवा होता. त्यांना आधी समुपदेशकाजवळ बसवलं, मग सांगितलं: जोखमीच्या जनुकाची एक प्रत तुमच्यात आहे. "याचा अर्थ आजार होणारच, असा नाही," मॅडम म्हणाल्या. "ते नसलेल्यांनाही होतो, असलेल्या कित्येकांना होत नाही. शक्यता वाढते, एवढंच."

मग पडद्यावर मेंदूचं चित्र आलं. करड्या रंगात एक लालकेशरी ठिपका. नवी आठवण घडवणारा हा भाग, मॅडमनी दाखवलं. हे जनुक असलेल्या काही माणसांत, आठवण चांगली असतानाही, तेवढ्याच कामाला तो जास्त राबताना दिसतो. एकट्याच्या चित्रावरून निदान करता येत नाही. पुष्कळ माणसांची चित्रं एकत्र ठेवली, की ते लक्षात येतं.

मामा पुढे सरकले. "म्हंजी गाडा जड झालाय, म्हणून बैल जास्त जोर लावतोय?"

"असू शकतं. किंवा उलटही असेल. बैल गरजेपेक्षा जोरात पळतोय, म्हणून लवकर थकेल. यातलं खरं कुठलं, ते अजून आम्हालाही नक्की माहीत नाही."

मला वाटलं, मामा खचतील. त्यांनी टेबलावर थाप मारली. "म्हंजी निकाल लागायचाय अजून! मग मी दर साली येतो, मॅडम."

आणि ते दरवर्षी पुण्याला जात राहिले. नुसते गेले नाहीत, पुढच्या यात्रेत भर घाटात माईकवरून सांगितलं: "माझ्या मेंदूचा फोटू काढलाय. विसरायची जोखीम हाय माझ्यात. तुमच्या घरात कुणी नाव विसराया लागलं, तर त्याला कोंडू नका, हसू नका. डॉक्टरला दावा." संध्याकाळी मंचाखाली माणसं थांबली होती. एकेक जण बाजूला घेऊन सांगत होता, "मामा, आमच्या आप्पांचंबी असंच हाय." तोवर गावोगाव घरातच दडवलेली म्हातारी माणसं त्या संध्याकाळी प्रथमच बोलण्यात आली.

वर्षं गेली. पौर्णिमाचं लग्न झालं. मांडवात मामांनी एकही पाहुणा सोडला नाही. पुढे मात्र नावं जरा सावकाश यायला लागली. ते थांबायचे, डोळे मिटायचे आणि नाव आलं की आधीपेक्षा दुप्पट जोरात पुकारायचे. त्याच सुमारास त्यांनी ठरवलं, की आपल्यामागं मेंदू अभ्यासाला द्यायचा. "यंत्र बाहेरनं बघतं. आत बघाया मिळालं, तर मॅडमला निकाल लवकर लागंल." मामीनं त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

एका सकाळी अंगणात दात घासता घासता मामा कोसळले. हृदयविकार. मी दौंडहून पोचले तेव्हा पौर्णिमा हंबरडा फोडत होती आणि मामी कोरड्या डोळ्यांनी फोन हातात धरून बसली होती. "सुजे, मॅडमला लावलाय. गाडी निघालीय. उशीर चालत न्हाई म्हणाले हुते हे."

भावकीतले एक आबा म्हणाले, "अपुरा माणूस मातीला न्यायचा का?"

मामी उठून उभी राहिली. "आबा, शब्द त्यांनी दिलाय. मोडाया ते उठणार न्हाईत, आन् मी मोडणार न्हाई." गाडी मामांना घेऊन नगर रस्त्याच्या गर्दीतून भोंगा वाजवत पुण्याला गेली. संध्याकाळी मामा परत आले, डोक्याला फेटा नीट बांधलेला. सगळ्यांनी मिळून त्रिशरण पंचशील घेतलं. कुठल्या कुठल्या गावांचे गाडामालक आले होते, रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती.

काही महिन्यांनी मी मामीकडे असताना मॅडमचा फोन आला. आम्ही दोघींनी मिळून कान लावला. त्यांचा आवाज उत्साहानं चढलेला होता. मामांच्या मेंदूत विसरण्याच्या आजाराच्या खुणा होत्या, थोड्याथोडक्या नाही, पुष्कळ. एवढ्या खुणा असलेली माणसं बहुतेक वेळा घरच्यांनाही ओळखत नाहीत. "आणि हे शेवटपर्यंत यात्रेत माईकवर होते! कसे टिकले, कशाच्या बळावर, तेच आम्हाला शोधायचंय. त्यांची दरवर्षीची चित्रं आमच्याकडे आहेत, म्हणून शोधता येईल. अशी संधी फार थोड्या वेळा मिळते."

मी मामीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते, पण ती हसत होती.

"जरा थांबा, मॅडम," ती म्हणाली. फोन घेऊन ती तरातरा अंगणात गेली, पदर खोचला आणि शेजारच्या दारांकडे बघून हाका मारायला लागली. माणसं गोळा झाली, आबाही आले. मामीनं फोन स्पीकरवर टाकून हात उंच केला.

"हं, आता बोला. पहिल्यापासनं. आन् जरा मोठ्यानं!"