आत्या म्हणायच्या, टोपी काढा

फोन आला तेव्हा मी गेवराईच्या स्टँडवर उमापूरच्या गाडीची वाट बघत होते. माहेरून परत निघाले होते. पलीकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "आई गेली." सकाळची वेळ, हातात पिशव्या... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात संशय आला. कोण म्हणतं गेल्या? नीट बघितलं का कुणी? हे प्रश्न माझे नव्हतेच, आत्यांचे होते. इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहून त्यांची खोड मला लागली होती.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. या आत्यांचा दुधाच्या काट्यावर संशय, एसटीच्या वेळेवर संशय, टीव्हीवर पाऊस सांगणाऱ्या बाईवर संशय. माझ्यावर तर अंगाची हळद निघायच्या आत सुरू झाला. मी भाजीत मीठ टाकायला लागले की मागं येऊन उभ्या राहायच्या. एकदा मी चिडून म्हणाले, "आत्या, विष न्हाई घालीत मी." तर शांतपणे म्हणतात, "घालतीस असं कुटं म्हणलं? बघायला काय जातंय?" लई राग यायचा मला. पण शेळ्या-मेंढ्यांवर वाढलेली बाई. बाजारात विकणारा मीठ चारून, पोटभर पाणी पाजून बकरं फुगवून उभं करतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. फुगलेल्या पोटावर हात ठेवल्याशिवाय त्या कशालाच धष्टपुष्ट म्हणायच्या नाहीत.

माझी मुक्ता पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. वस्तीवरच्या शाळेत पोरांची तपासणी करायला जीप आली होती. आयांना बोलावलं होतं, आत्या न बोलावता आल्या आणि दाराशी बसल्या. थंडी कडाक्याची. डॉक्टर तरुण होता, कानावर घट्ट कानटोपी ओढलेली. पोरं रांगेनं पुढं सरकत होती. मुक्ताच्या छातीला नळी लावली, उचलली. "छान आहे. पुढची." मला बरं वाटलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "डॉक्टर, टोपी काढा."

गुरुजी म्हणाले, "आजी, साहेबांना काम करू द्या."

"काम कुटं करायलेत? नळी टोपीवर लावलीय त्यांनी. टोपीला काय ऐकू येतंय? आमालाच टोपी घालायलेत जणू."

पोरं खिदळली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर लाल झाला, पण त्यानं टोपी काढली. नळी कानात घालून पुन्हा ऐकलं... आणि मग वर्गाला गप्प बसायला सांगितलं. पुढून ऐकलं, पाठीवर ऐकलं. मला विचारलं, "ही खेळताना दमते का?" मी म्हणाले, ती सावकाशच खेळते. आम्ही तिला शांत पोरगी समजत होतो.

बीडच्या दवाखान्यात कळलं, पोरीच्या हृदयाला भोक आहे. ऑपरेशन लागेल, नाहीतर वाढत्या वयात पोरगी हाती लागायची नाही. शाळेतून सापडलेल्या पोरांचं ऑपरेशन सरकारकडून फुकट होतं, असंही कळलं. झालं, आत्या तिथंच अडल्या. "फुकट कावून? यात त्यांचं काय हाय? किडन्या काढून घेत्यात म्हणं." आमचे हे त्यांच्या पायाशी बसून रडले, तरी ऐकेनात. आणि गंमत नाही सांगत, त्या बोलायच्या तेव्हा मलाही वाटायचं की खरंच, फुकट का? माझ्या पोरीत यांचं एवढं काय अडलंय? इकडं मुक्ताचे ओठ पळताना निळे पडायला लागले होते. भीती दोन्हीकडची होती, आणि त्यातली जास्त कोणती, तेच माझं रोज सकाळी ठरत नव्हतं.

शेवटी तोच डॉक्टर घरी आला. दारातच टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "आजी, टोपी घालायची असती तर पुन्हा तुमच्या दारात आलो असतो का?" आत्यांनी एकदा त्याच्या हातातल्या टोपीकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, "चहा टाक. पण मी संगं जाणार."

गेल्या. ऑपरेशन झालं त्या सगळ्या वेळात खोलीच्या दारासमोरून हलल्या नाहीत, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काय आहे ते बघत. पुढं वॉर्डात आल्यावर मुक्ताच्या कुशीला, टाके चुकवून, कान लावला. नर्स ओरडली. आत्या म्हणाल्या, "मी टोपी घातली न्हाई, मला ऐकू येतंय."

मुक्ता आता सातवीत आहे. पळते, भांडते, शांत तर अजिबात राहिलेली नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या आत्यांनी स्वतःच्या छातीवर मात्र कधी घेतला नाही. दुखायचं तेव्हा "वात हाय" म्हणून शेक घ्यायच्या. आपण डॉक्टरकडं जाऊ म्हटलं की डोळे बारीक करून विचारायच्या, "तुला कावून एवढी घाई?" त्याचा राग मला अजून आहे. तो जाईल असं वाटत नाही.

त्या सकाळी मी घरी पोचले तर माणसं जमलेली. बाजेवर आत्या. गावातल्याच दवाखान्याचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले होते, गारठलेले, कानटोपी तशीच. त्यांनी वाकून नळी लावली आणि मान हलवली. बायकांनी हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुक्ता पुढं झाली. रडत नव्हती. आजीसारखेच डोळे बारीक केलेले.

"काका, टोपी काढा," ती म्हणाली. "आन परत ऐका."

कुणी तिला दटावलं नाही. डॉक्टरांनी टोपी काढून बाजेच्या कडेला ठेवली, नळी कानात नीट बसवली आणि पुन्हा वाकले. ते ऐकत राहिले... आत्यांना पटलं असतं, इतका वेळ.