कुमुदचे जावईबापू

लग्नाला गेली की कुमुद आधी स्टेजकडे नाही, मांडवामागे भांडी घासतात तिकडे जायची. उरलेल्या अन्नाच्या पिंपात डोकावून परत यायची आणि माझ्या कानात सांगायची, "पनीर तसंच पडलंय. मुलाकडचे रुसलेत, बघ." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

दिल्लीतल्या एका वर्तमानपत्रात आम्ही दोघी उपसंपादक होतो, शेजारी बसायचो. तिच्या वडिलांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर गाझियाबादच्या पलीकडे थोडी जमीन घेतली होती. ते गेल्यावर कुमुदने नोकरी सोडली, तिथे दोन खोल्या बांधल्या आणि डुकरं पाळली. लवकरच परत येईल, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. ती आली नाही.

मंगल कार्यालयांतलं उरलंसुरलं टेम्पोतून आणायचं, अर्ध्या कापलेल्या पिंपात तासभर उकळायचं आणि मगच डुकरांपुढे ठेवायचं, हे तिचं रोजचं काम. न उकळलेल्या उष्ट्यातून रोग येतो, म्हणून यात सूट नव्हती. फाटकापाशी चुन्याचं घमेलं असायचं. त्यात बूट बुडवल्याशिवाय ती कोणाला आत घेत नसे. मादी व्यायली की पिल्लं तिच्या अंगाखाली चिरडू नयेत म्हणून जागरण करायची. वास केसांत बसला होता, तो शाम्पूने जात नव्हता.

दिल्लीतल्या आमच्या कॉलनीतल्या मराठी बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. पुण्याच्या भावाने फोनवर विचारलं, "अगं, लोकांना सांगतेस तरी काय?"

"पशुपालन म्हणते. मग ते विचारतात, गाई किती? मग सांगते."

हे तिने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. पहिली पिल्लं विकून तिने छपरावर पत्रे घातले, तेव्हा मी पाहायला गेले होते. ती पिंप ढवळत होती आणि मोठमोठ्याने डुकरांना रागवत होती. डेस्कवर तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. परतताना मेट्रोत मी तिच्या या धंद्यातले तोटे आठवत बसले. बरेच आठवले, पण बरं वाटलं नाही.

तिच्याकडचा पांढरा विलायती नर आसपास प्रसिद्ध होता. इतरांच्या माद्यांसाठी तो गावोगाव जायचा. पैसे घ्यायचे नाहीत, झालेल्या पिल्लांतलं एक घ्यायचं, अशी तिथली रीत. जिथे जाईल तिथे त्याला गूळ मिळायचा, म्हणून कुमुद त्याला जावईबापू म्हणायची. फोन केला की सांगायची, "जावईबापू दौऱ्यावर आहेत. मान-पान चाललंय."

बाहेरच्या माणसाचे बूट चुन्यात बुडवणारी कुमुद नराला मात्र परक्या गोठ्यात पाठवत होती. मी एकदा तसं म्हणाले. "शेजाऱ्याला नाही कसं म्हणू? मग इथे राहू कशी?" ती म्हणाली.

नर शेजारच्या बलबीरच्या गोठ्यातून परतला त्याच आठवड्यात बलबीरची डुकरं तापाने मरू लागली. तपासणीत तो रोग निघाला ज्यावर औषध नाही. एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, असा नियम आहे. कुमुदची सगळी खात-पीत होती. तरीही ती त्या वर्तुळात आली.

बातमी माझ्याकडेच संपादनाला आली. मी ती छोटी करून आतल्या पानावर लावली आणि संपादकांना विचारलं, कुमुदला परत घ्याल का? ते हो म्हणाले. तो निरोप घेऊन मी गेले तेव्हा गोठा रिकामा होता, सगळीकडे चुना फासलेला. अंगणात गावची माणसं सुतकाच्या घरी बसावीत तशी बसली होती. बलबीरची बायको चहा करत होती. बलबीर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बहनजी, बीमारी मेरे घर की थी, सज़ा आपको मिली."

"अब बस करो, भैया. चाय पियो," कुमुद म्हणाली.

मी तिला बाजूला घेऊन नोकरीचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"नको गं. काही महिने गोठा रिकामा ठेवायचा, मग दोन पिल्लं आणून बघायची. जगली तर पुढे."

"आणि पुन्हा असंच झालं तर?"

तिने रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मारायला आले होते त्यांच्या हाती जावईबापू लागेना. दोरी घेऊन सगळे मागे धावत होते, तो भिंतीला धडका देत होता. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मॅडम, तुम्हीच बोलवा. मी हाक मारली. आला. सरळ आला आणि माझ्या पायाशी उभा राहिला."

ओढणी तोंडात धरून ती रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाकेला असं कोण येईल, हे मी शोधत होते, आणि तेव्हाही मला तिचा हेवा वाटत होता.