नावे न ठेवलेला चहा

वहिनींची आणि माझी शेवटची भेट दुपारची. ज्या रुग्णालयात त्यांनी परिचारिका म्हणून आयुष्य घालवले, तिथेच त्या आता कॉटवर होत्या. मी एक कबुली द्यायला गेलो होतो. "वहिनी, आईच्या वेळी मी..." एवढे म्हणून त्यांचे मनगट हातात घेतले. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "नाडी बघताय, भाऊजी?" मी हो म्हणालो. "खोटं. मोजा, पण पूर्ण मिनिट मोजा. बोलणं नंतर."

ती युक्ती त्यांचीच. श्वास मोजतो आहोत असे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून गुजराती आजींना "बा, हाथ आपो," म्हणजे हात द्या, असे म्हणून त्या मनगट धरत आणि डोळे मात्र छाती व सेकंदकाटा यांवर ठेवत. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे त्यांना मान्य नव्हते. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काय होते ते कोण पाहणार, असे विचारत.

मी वाघोडियाच्या कारखान्यात मापकयंत्रे सांभाळणारा माणूस. काटा दाखवील ते खरे मानणारा. सहा वर्षांपूर्वी तरसालीच्या घरी आईला खोकला झाला. दादा आधीच गेला होता. वहिनी आमच्यातच राहत. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. संध्याकाळी वहिनी हळूच म्हणाल्या, "आईंना आत्ताच न्यायला हवं. श्वास मिनिटाला अठ्ठावीस आहे, विसाच्या आत हवा." मी आईच्या बोटाला ऑक्सिजनचे यंत्र लावले. पंच्याण्णव. ताप नव्हता.

"आकडे ठीक आहेत, वहिनी."

"आकडे ठीक आहेत, आई ठीक नाहीत. आज त्यांनी माझ्या चहाला नावं ठेवली नाहीत."

मला हसू आले. "हा चहा की कपबश्यांचं धुवण?" हे आईचे वाक्य आमच्या घरात रोजचेच. मी म्हणालो, "म्हणजे सासूनं बोल लावले नाहीत म्हणून ॲडमिट करायचं?"

वहिनी हसल्या नाहीत. "मुकाट्यानं प्यायल्या, भाऊजी. भान हललंय त्यांचं. या वयात ताप येतोच असं नाही, आधी हेच दिसतं."

"उद्याचा दिवस पार पडू दे, परवा नेऊ. चालशे."

"वॉर्डात असते तर तुम्हाला विचारत बसले नसते," एवढेच बोलून त्या आईच्या उशाशी जाऊन बसल्या. सकाळी आईची शुद्ध हरपली. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. चौथ्या दिवशी ती गेली. आदल्या दिवशी नेले असते तर ती वाचलीच असती, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण त्या आडोशाला मला उभे राहता येत नाही.

भेटायला आलेल्या मावशी सर्वांदेखत म्हणाल्या, "घरात नर्स असून कळलं नाही?" वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले... मी सतरंजीकडे पाहिले. ते वाक्य नातेवाइकांत सहा वर्षे फिरले. मी ते खोडले नाही, आणि वहिनींनी कधी खोडायला सांगितले नाही.

त्या दुपारी मी पूर्ण मिनिट मोजले. श्वास बत्तीस. कबुली तशीच सोडून ड्यूटीवरच्या सिस्टरना बोलावून आणले. त्यांनी कॉटभोवती पडदा ओढला. माझे वाक्य पडद्याबाहेर राहिले... ते कायमचेच.

गेल्या आठवड्यात वहिनींना जाऊन महिना झाला, त्या दिवशी मावशी आल्या होत्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. म्हणाल्या, "गुणाची होती. पण माझ्या बहिणीच्या वेळी मात्र तिचं लक्ष..."

"मावशी, वहिनींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी नेलं नाही."

खोलीत माझी मुलगीही होती, जिच्या साखरपुड्यासाठी मी थांबलो होतो. ती उठून आत गेली. मावशी मला फाडून खातील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर इच्छा होती. त्यांनी समोरचा कप उचलला. तो चहा मी केला होता, पाणचट आणि जवळजवळ गार. मावशींनी तो एक शब्द न बोलता संपवला.

ओट्यावरच्या खिळ्याला वहिनींचे घड्याळ अजून लटकते. ते घेऊन मी मावशींजवळ बसलो, त्यांचे मनगट हातात घेतले आणि सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहू लागलो.