व्हिएतनामच्या गोठ्यात देगलूरची आई

"तिकडं जाऊन शेतावरच ऱ्हायचं? मंग आपलं देगलूर काय वाईट हाय?" आईनं विचारलं. तरी पासपोर्टच्या फोटोसाठी ती नवी साडी नेसून तयार झाली.

आई तीन वर्षांपासून माझ्याकडे लातूरला राहते. गावाकडची म्हैस विकून, शेत बटईनं देऊन मीच तिला घेऊन आलो. आयुष्यभर राबली, आता आराम करू दे, हा विचार. व्हिएतनामची सहलही त्याच हिशेबानं ठरवली. लातूरहून बसनं हैदराबाद, तिथून थेट विमान, साडेचार तासांत हनोई. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. मार्चच्या सुरुवातीला गेलात तर स्वेटर ठेवा, बारीक झिमझिम असते.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: 'आन चाय', म्हणजे शाकाहारी जेवण. पहिल्या दिवशी मी हॉटेलात तसं सांगितलं आणि आई कपाची वाट बघत बसली. आला भात, टोफू आणि उकडलेली पालेभाजी. "चाय म्हणलास की," ती म्हणाली, आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली.

तिसऱ्या दिवशी हनोईहून रेल्वेनं निन्ह बिन्हला गेलो, सव्वादोन तास लागले. स्टेशनवरून टॅक्सीनं अर्ध्या तासात मुक्कामाच्या शेतावर पोचलो. चहूबाजूंनी हिरवागार भात आणि त्यातून सरळ वर निघालेले चुनखडीचे डोंगर. खोली, न्याहारी आणि रात्रीचं जेवण मिळून एका रात्रीचे दोघांचे दोन हजार रुपये. स्वच्छ संडास, गरम पाणी, मच्छरदाणी सगळं होतं. फक्त स्वागताला कुणी नव्हतं.

घरमालकीण लान गोठ्यात सापडली. तिशीतली, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. तिनं मोबाइलमध्ये काहीतरी बोलून तो आमच्यापुढे धरला. पडद्यावर मराठी उमटलं: 'क्षमा करा. म्हैस पहाटे व्याली. ती पिल्लाला मारते. डॉक्टर संध्याकाळी येतील.'

कोपऱ्यात करड्या रंगाचं रेडकू पाय दुमडून पडलं होतं. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्याच्या पोटात थेंब गेला नव्हता. लाननं त्याला उचलून म्हशीजवळ नेलं, तशी म्हशीनं सणकून लाथ झाडली.

"पहिलारू हाय," आई म्हणाली. "भेली हाय ती. दूध काढून पाजा म्हणावं."

मी मोबाइलमध्ये बोललो. लाननं नकारार्थी मान हलवली आणि मोबाइलवरूनच सांगितलं. इथे म्हशी नांगराला जुंपतात, त्यांचं दूध कुणी काढत नाही. तिला ते येतच नव्हतं.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चुकीचं सांगितलं. "म्हैस हाय आन् धार काढत न्हाईत?" मग तिनं पदर खोचला.

"आई, नको. परक्या देशात लाथ बसली तर काय करायचं? डॉक्टर येतोय ना."

"सांजेपर्यंत ते जगतंय का? मीठ माग तिला. आन् कोमट पाणी."

मी मागितलं. आईनं म्हैस खांबाला आखूड बांधायला लावली, पुढे हिरवं गवत टाकलं आणि रेडकाच्या पाठीवर मीठ चोळलं. लाननं रेडकू म्हशीच्या तोंडाशी धरलं. आई स्वतः बाजूला बसून ओल्या फडक्यानं कास शेकू लागली. "थांब माय, थांब. काई करत न्हाई तुला." म्हशीनं दोनदा पाय झाडला. दोन्ही वेळा आई नुसती मागं सरकून पुन्हा पुढे झाली.

पाऊण तास गेला. मग म्हशीनं जीभ काढली आणि रेडकाची पाठ चाटली. खारट लागली असावी, पुन्हा चाटली. आईनं सड हातात धरला. पिवळसर, घट्ट चिकाची धार तिच्या तळव्यावर पडली. तिनं ती बोटं रेडकाच्या तोंडात घातली, ते चोखायला लागल्यावर हळूच त्याला कासेला लावलं. रेडकू शेपूट हलवत पिऊ लागलं.

लान तिथेच चिखलात बसली आणि रडता रडता हसली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मोबाइल माझ्या खिशातच राहिला.

संध्याकाळी डॉक्टर आले, रेडकू तपासलं आणि चहा पिऊन गेले. जेवताना लान आईला भात वाढत "आई, आई" म्हणत होती. मी हाक मारतो ते ऐकून तिला ते नाव वाटलं होतं. आम्ही दोघांनीही दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशीची बोटीची सफर आईनं रद्द करायला लावली. सकाळभर ती लानला धार काढायला शिकवत होती. मी शेजारी बसून दोघींची भाषांतरं करायला गेलो, तर त्यांना माझी गरज नव्हती.

आता जाणाऱ्यांसाठी: एक रात्र कमी पडते, दोन ठेवा. बोटीची सफर सुंदर असते म्हणतात.

लातूरला परतून आठवडा झाला असेल. आईनं सकाळीच पिशवी भरली. गावातल्या शेजारणीच्या सुनेची म्हैस पहिल्यांदाच व्यायला झाली होती, त्यांचा फोन आला होता. मी आधी म्हणालो असतो, त्यांचं ते बघतील, तू कशाला त्रास घेतेस? यावेळी गाडी काढली आणि तिला स्टँडवर सोडलं. तीन वर्षं मी ज्याला आराम म्हणत होतो, तो तिला नको होता. हे तिला विचारून कळलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं.

देगलूरची एसटी लागली. आईला खिडकीची जागा मिळाली.

"कधी येशील?" मी खालून विचारलं.

"म्हशीला इचारून सांगते," ती म्हणाली.