ओढ्याकडची पट्टी

"मावशी, आजपासून या गवताला विळा लावायचा नाही," असं मी म्हणालो आणि हिरामावशी कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"मंग म्हशीनं काय माजं लुगडं खावाचं?"

नव्वदनंतरची गोष्ट. चेणे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमच्या कंपनीचं झाडं लावायचं काम होतं. मी साइट सुपरवायझर. घरचे सगळे लातूरकडे आणि मी इथे पत्र्याच्या शेडमध्ये. मजूर संध्याकाळी पेणकरपाड्याला परत जायचे. मग बोलायला कोण, तर स्टोव्ह! हिरामावशी चेण्याची. रोज सकाळी म्हशीसाठी गवत कापायला यायची, माझ्या डाळीला नावं ठेवायची, कधीमधी सुकट आणून द्यायची. मला अरे-तुरे करणारं तेवढंच एक माणूस. मी तिची वाट बघायचो, खोटं कशाला बोलू?

अडचण गिनी गवताची होती. बाहेरून आलेलं, पुरुषभर वाढणारं. आदल्या पावसाळ्यात लावलेली रोपं त्याच्यात गुदमरून मेली. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा रोपं गेली तर साइट बंद. तुम्ही घरी." म्हणून आधी तणनाशक मारायचं आणि मग रोपं लावायची, असं ठरलं. हे औषध पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. पानच नसेल तर शिरणार कुठून? तेव्हा गवत मारायचं तर आधी ते राखायचं, गुडघाभर हिरवंगार होऊ द्यायचं.

आठवड्याने साहेब जीपमधून उतरले ते तापूनच.

"अहो, हे काय जंगल वाढवून ठेवलंय? उद्या क्लायंट येतोय. कापून टाका सगळं."

"सर, कापलं तर औषध फुकट जाईल."

"मग क्लायंटला काय सांगू, आमचा माणूस गवत पाळतोय म्हणून?"

"सांगा सर. खरंच पाळतोय."

साहेब हसले, म्हणून वाचलो.

पावसाने उघडीप दिली तसं फवारून घेतलं. ओढ्याकडची पट्टी तेवढी सोडली, कारण पाण्याजवळ हे मारत नाहीत. गवत पिवळं पडलं, मग तांबूस झालं. काम फत्ते! पण सकाळी शेडबाहेर बसलो की समोर सगळं वाळलेलं आणि वाटेवर मावशी नाही.

शेवटी मी चेण्याला तिच्या घरी गेलो.

"मावशी, ओढ्याकडे औषध मारलं नाही. तिथलं गवत कापायला ये ना."

"वारा तुजा चाकर हाय का?" ती म्हणाली. "औषद उरून आलं असंल तं? माजी एकच म्हस हाय, बाबा."

फवारताना वारा पडलेला होता, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा दिला, "वालालास रं," बारीक झालास, म्हणाली. पण एकुलत्या एक म्हशीच्या पोटाचा प्रश्न. तिच्या जागी मी असतो तरी आलो नसतो.

रोपं लावली. पुढच्या पावसाळ्यात ती कमरेपर्यंत आली. साहेब खूश. फिरता फिरता ओढ्याकडे थबकले.

"ही पट्टी वाढवून का ठेवलीय? बी पडलं तर परत सगळीकडे होईल."

"काढतो, सर."

मजुरांना नाही सांगितलं. मीच विळा घेतला, फुलोरा धरायच्या आत सगळं कापलं, मावशी बांधायची तसा भारा बांधला आणि ती दम खायला बसायची त्या दगडावर ठेवला. बरेच दिवस तो तिथेच होता. नंतर त्याचा वास यायला लागला.

नवीन सुपरवायझर विचारतात, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगतो. औषध मारायचं तर आधी पान राखा. आणि गवत कापायचं तर ते उचलून न्यायला कुणीतरी येणार आहे ना, तेवढं बघा. नाहीतर ते जागेवरच कुजतं.