मागेल त्यानंच नको म्हणायचं

आमच्याकडे किस्स्यांचं मागण्यांसारखंच आहे. एक मागणी निकालात निघाली की दोन नव्या येऊन बसतात, आणि जुन्या कुणी पुसत नाही. मग एखाद्या रविवारी कुणीतरी म्हणतं, "ते आठवतं का रे?" की ठरलेलं काम बाजूलाच राहतं.

आमच्याकडे म्हणजे बरकतपुऱ्यात, शिरीषमामाच्या घरी. मामा आणि त्याचे दोन मित्र मिळून 'सुतळी' चालवतात. सुतळी हे पायथनमध्ये लिहिलेलं वेब फ्रेमवर्क आहे. वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाला लॉगिन, फॉर्म, पानांचे पत्ते अशा त्याच त्या गोष्टी लागतात. त्या सुतळीत आधीच बांधून ठेवलेल्या असतात. ती ओपन सोर्स आहे. म्हणजे कुणीही फुकट वापरावी, आतला कोड वाचावा, दुरुस्त करावा, आणि 'आम्हाला हे नवीन फीचर द्या' अशी मागणी सगळ्यांसमोर टाकावी. दर रविवारी सकाळी मामाच्या हॉलमध्ये त्या मागण्यांवर वाद होतो.

आईची रविवारी लॅबमध्ये ड्यूटी असते, म्हणून मी हिमायतनगरहून मामाकडे येते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी माझा लॅपटॉप उघडून बसते. मी दहावीत आहे. सगळं ऐकते, बोलत मात्र नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

पण त्या मागण्यांत एक मागणी माझी होती.

आमच्या शाळेच्या मासिकाची वेबसाइट कॉम्प्युटरच्या मॅडमनी आणि मी सुतळीवर बनवली. माझी मैत्रीण लास्या तिच्यावर गोष्ट लिहायला बसली. तिच्या ताताची, म्हणजे आजोबांची गोष्ट. एकेक शब्द शोधत ती दुपारभर लिहीत होती. शेवटी तिनं बटण दाबलं, तर तेवढ्यात लॉगिनची मुदत संपलेली. समोर लॉगिनचं पान आलं आणि गोष्ट गेली. लास्या म्हणाली, "जाऊ दे, तशीही बरी नव्हती." त्यानंतर तिनं काहीच लिहिलं नाही.

म्हणून मी मागणी टाकली: मुदत संपली तरी माणसानं लिहिलेलं जाऊ नये. खरं नाव घालायचा धीर झाला नाही. 'इमली' असं टोपणनाव घेतलं. आणि मग घाबरत बसले, कारण सुतळीत मागणी करणाऱ्याला बोलावंच लागतं. तेही उलट्या बाजूनं.

*

हा रिवाज मामीमुळे पडला.

मामाचे दोन मित्र म्हणजे फहीमभाई आणि व्यंकटअण्णा. फहीमभाई याकुतपुऱ्याचे. बोलताना त्यांचे हात हवेत असतात. अण्णा आदिलाबादकडचे, त्यांना मराठी छान समजतं, पण बोलणं मोजकं. बहुतेक वेळा एकच शब्द: "वद्दु." म्हणजे नको.

एकदा फहीमभाईंना सुतळीच्या सगळ्या सेटिंग एका फाइलमध्ये हव्या होत्या, आणि अण्णांना ज्याची सेटिंग त्याच्याजवळ हवी होती. हा वाद इतका वाढला की दोघे एकमेकांशी थेट बोलेनात. एकाच सोफ्यावर बसून मामाला निरोप सांगायचे. मामी शाळेत गणित शिकवते. असल्या मुलांना कसं बसवायचं ते तिला माहीत आहे. चहाचा ट्रे हातात धरून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज फहीमभाई व्यंकटची बाजू मांडतील, आणि व्यंकट फहीमभाईंची. तोवर चहा आत."

चहा लांबणार म्हटल्यावर दोघांनी मनावर घेतलं. थोड्या वेळानं असं झालं, की फहीमभाई सोफ्यावरून उठून अण्णांचं म्हणणं अण्णांपेक्षा चांगलं सांगत होते, आणि अण्णा चिडून म्हणत होते, "हे मला का सुचलं नाही?"

तेव्हापासून मामा त्याला 'पलटी' म्हणतो. जो फीचर मागेल त्यानंच ते का नको ते सांगायचं. आणि ज्याचा सगळ्यात जास्त विरोध, त्यानं ते का हवं ते सांगायचं. मागणारा परगावचा असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावतात. पलटीच्या त्या सकाळी अखेरीस सेटिंग कुठे ठेवायच्या ठरल्या, हे मात्र आज कुणालाच आठवत नाही.

*

सुतळीचा डेटाबेसशी बोलणारा अख्खा भाग बदलायचा होता. फार मोठं काम. एक चहा संपेपर्यंत सगळ्यांनी होकार दिला.

पुढची मागणी होती, ॲडमिनच्या पानावरच्या बटणाचा हिरवा रंग बदलून लाल करा. ती रविवारमागून रविवार चालली. फहीमभाई लाल म्हणत, मामा हिरवा. अण्णा सगळ्यात जोरात हिरव्याच्या बाजूनं होते. नेहमी एक शब्द बोलणारे अण्णा त्या महिन्यात भाषणं करत होते.

शेवटी मामानं दोन्ही बटणं टीव्हीवर शेजारी शेजारी लावली आणि अण्णांना म्हणाला, यातलं तुला कुठलं डोळ्याला बरं वाटतं ते दाखव. अण्णांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मला दोन्ही सारखीच दिसतात. लाल-हिरवा मला लहानपणापासून ओळखू येत नाही."

मामा म्हणाला, "मग इतके दिवस भांडत कशाला होतास?"

"तत्त्वासाठी."

त्या दिवसापासून सुतळीत एकही बटण नुसत्या रंगावर सोडलेलं नाही. प्रत्येकावर शब्द असतो. अण्णांसारख्या किती लोकांचं काम त्यानं सोपं झालं असेल! मला सुतळीतली ही गोष्ट फार आवडते.

*

एकदा कुठल्याशा लांबच्या देशातून एकानं मागणी टाकली. सगळी मोठ्या अक्षरांत. फीचर आजच पाहिजे, तुमची सेवा अत्यंत वाईट आहे, मला तुमच्या मॅनेजरशी बोलायचं आहे.

फहीमभाईंनी लॅपटॉप उचलला आणि थेट मामीसमोर ठेवला. "भाभी, मैनेजर कू बुलारै."

मामी भाजी चिरत होती. तिनं हात पुसले आणि इंग्रजीत उत्तर लिहिलं: मी मॅनेजर. इथे दुपार झाली आहे आणि तिघेही जेवायला बसत आहेत. तुम्ही जेवलात का?

मग त्याचं उत्तर आलं, या वेळी लहान अक्षरांत. जेवलो नाही, सकाळपासून याच कामात अडकलो आहे. मामीनं लिहिलं, आधी जेवून घ्या, मग बोलू. तासाभरानं त्यानं ताटाचा फोटो पाठवला. मामीनं तो मोठा करून पाहिला आणि भाजी कमी घेतल्याबद्दल त्याला बोलली.

आज तो माणूस सुतळी कशी वापरायची ते सांगणारी पानं आपल्या भाषेत आणतो. त्याची मागणी अण्णांनी 'वद्दु' म्हणून केव्हाच बंद केली. तो अजून मामीला दर सणाला ताटाचा फोटो पाठवतो.

*

अण्णा दुसऱ्यांनाच नाही म्हणतात असा कुणाचा समज होऊ नये. एका सकाळी त्यांनी स्वतःच एक मागणी टाकली. त्याच संध्याकाळी खाली लिहिलं, 'गरज नाही', आणि बंद केली. मामानं विचारलं, अरे, हे काय? अण्णा म्हणाले, "मागणाऱ्यानं नीट विचार केला नव्हता."

हे ऐकून सगळे हसले. मी हसले नाही. यादीत इमलीची मागणी आता वर सरकत होती. फहीमभाई अधूनमधून म्हणायचे, ये इमलीसाब कौन है की, लिखते बहुत अदब से हैं. अण्णांनी त्या मागणीखाली आधीच आपला शब्द लिहून ठेवला होता.

*

फहीमभाई कुकटपल्लीला एका टिफिन सेंटरमध्ये डोसा खायला गेले होते. तिथे कुणाचा डोसा तयार झाला ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतं. त्या दिवशी नंबरांच्या जागी एक पान आलं होतं: कोपऱ्यात गाठ पडलेली सुतळी, आणि खाली 'काहीतरी चुकलं आहे'.

सुतळीवरची साइट अडली की येतं ते आमचंच पान! ते चित्र फहीमभाईंनी स्वतः काढलेलं. त्यांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. लोक ताटकळत उभे होते, मालक ओरडून नंबर सांगत होता, आणि फहीमभाई स्क्रीनखाली उभे राहून वेगवेगळ्या बाजूंनी सेल्फी काढत होते. मालकानं विचारलं, काय चाललंय? फहीमभाई अभिमानानं म्हणाले, "अपनाच है ये."

मालकानं काउंटरची फळी उचलली. "तुमचंच ना? मग या आत."

जेवणवेळ टळून गेल्यावर फहीमभाई आमच्याकडे आले. डोसे पोचवताना शर्टावर सांडलेली चटणी, हातात बांधून दिलेला उपमा. चूक सुतळीची नव्हती, वायर सैल झाली होती, हे त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. सेल्फी मात्र अजून त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर आहे.

*

आणि एका रविवारी मामा म्हणाला, "चला, आज इमलीसाब."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला. रिंग स्वयंपाकघराच्या दारातून आली.

मला लॅपटॉप मिटायचं सुचलं नाही. मामी आतून डाव घेऊन आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, आणि डावातली आमटी फरशीवर पडली. फहीमभाई म्हणाले, "इमलीसाब घर में इच बैठे कते!"

मामाला माझा स्वभाव माहीत आहे. त्यानं कॉल बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, मनू, पलटी मी करू का तुझ्या वतीनं? लहान आहेस, तुला सूट.

मला लास्याचं 'जाऊ दे' आठवलं. मी म्हटलं, "नको. मी करते."

ऐकू यावं म्हणून फहीमभाईंनी पंखा बंद केला. ते फारच वाईट झालं, कारण आता सगळंच ऐकू येणार होतं. मी दारावरच्या पडद्याची कड धरली आणि माझी मागणी का नको ते सांगू लागले. लास्याचं नाव घेऊन सांगितलं, कारण तिच्याशिवाय मला सांगताच आलं नसतं. शाळेच्या लॅबमधला कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो. लास्या उठली की तिथे दुसरं कुणी बसतं. सुतळीनं तिची गोष्ट जपून ठेवली आणि पुढच्या तासाच्या मुलांना दाखवली तर? तिच्या ताताला दारूचं व्यसन होतं, हे त्या गोष्टीत आहे. ते तिनं माझ्याशिवाय वर्गात कुणाला सांगितलेलं नाही. छापायची की नाही हे ती आधी मला वाचायला देऊन मगच ठरवणार होती. म्हणजे गोष्ट गेली हे वाईट, पण ती भलत्याच्या हाती लागली असती तर त्याहून वाईट.

पंखा नव्हता, तरी कुणी घाम पुसला नाही.

आता अण्णांची पाळी होती. विरोध त्यांचा, म्हणून बाजू माझी. त्यांनी चष्मा काढला.

"त्या मुलीनं दुपारभर लिहिलं," ते म्हणाले. "लॉगिनची मुदत तिनं ठरवली नाही. आपण ठरवली. मग तिचं लिहिलेलं सांभाळायचं कामही आपलंच."

हिरव्या बटणाचा महिना सोडला तर अण्णांकडून एका दमात एवढं मराठी आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी उपायही सांगितला. लिहिलेलं त्या कॉम्प्युटरवर ठेवायचंच नाही. आपल्याकडे ठेवायचं, कुलपात. तीच मुलगी परत लॉगिन झाली तरच उघडायचं. दुसरं कुणी आलं तर कोरं पान.

मामानं मत मागितलं. बाजूनं कोण? मामाचा हात वर, फहीमभाईंचे दोन्ही, अण्णांचा, आणि मामीचा डाव.

"विरोधात?" मामानं सवयीनं विचारलं.

माझा हात वर गेला.

"अगं, मागणी तुझीच ना?"

"हो," मी म्हटलं. "पण कुलूप अजून लिहिलेलं नाही."

अण्णांनी आपला वर केलेला हात सावकाश खाली घेतला आणि मामाला म्हणाले, "तिचं बरोबर आहे. आधी कुलूप. आणि ते तीच लिहील."

मी लिहिलं. अण्णांनी ओळीओळीवर शेरे मारून कित्येकदा परत पाठवलं. पुढच्या आवृत्तीत ते सुतळीत गेलं, आणि त्याखाली इमली नाही, माझं खरं नाव आहे. मामीनं ते पान छापून फ्रिजवर लावलं.

मग मी शाळेत लास्याला लॅबमध्ये नेलं. लिही म्हटलं. ती नको नको म्हणत बसली, आणि मग ताताची गोष्ट पहिल्यापासून लिहायला लागली. दुपार झाली. तिनं बटण दाबलं. लॉगिनचं पान आलं. लास्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"परत लॉगिन हो," मी म्हटलं.

ती झाली. गोष्ट समोर होती, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. लास्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग निम्मी गोष्ट निवडून स्वतःच पुसून टाकली, आणि पुन्हा लिहायला खुर्ची पुढे ओढली.